चांगला म्हणून ठेवलेला चष्मा

६ जानेवारी

बारके, अनेक आशीर्वाद.

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी दम घे आणि मग वाच. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. फोन केला असता, पण आई गेली त्या वेळेला तूच म्हणाली होतीस, "फोनवर तू आवाज चढवतोस, कागदावर चढवता येत नाही. बोलायचं असेल तर लिही." तर लिहितोय.

काम साधंच आहे. एप्रिलअखेर मी निवृत्त होतोय. पस्तीस वर्षं पुलांच्या खाली लोंबकळून रिव्हेटवर हातोडी मारून पूल तपासत आलो, आता पुरे. डोळे तपासले तर नंबर थोडा बदललाय. तुझी वहिनी म्हणाली, "सख्खी बहीण चष्म्याच्या काचा बसवते आणि तुम्ही परक्याकडे जाता, लाज नाही वाटत?" वाटली. सोबत नंबराची चिठ्ठी आणि एक फ्रेम पाठवतोय. घाई नाही.

तुझी तब्येत आता ठीक असेलच. तेव्हाचं ते सगळं वयाचं होतं.

दादा

(या पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. हसू नकोस, सवय आहे.)


११ जानेवारी

दादास, साष्टांग वगैरे जे काही घालायचं असतं ते घातलं असं समज.

फ्रेम पोचली. चिठ्ठी पोचली. काचा मी स्वतः घासून, स्वतः बसवून पाठवते. दुकानात मला हात बसलेली कारागीर म्हणतात, एकवीस वर्षांत एकही चष्मा परत आलेला नाही. तुझा तर मी खास लक्ष घालून करीन.

माझी तब्येत उत्तम. वयाचंच होतं ते. वय झालं आणि गेलं.

वहिनींना नमस्कार.

बारकी


२० जानेवारी. हे पत्र टाकायचं नाही.

दादा,

जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे लिहितेय. समोर घासायचं चाक आहे, त्याचं पाणी अजून ठिबकतंय. तुझा चष्मा मघाशीच पार्सलमध्ये घातला. काय केलंय ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काचेचा मधला बिंदू बुबुळासमोर बरोबर यावा लागतो. आम्ही शाईचा ठिपका देऊन तो धरतो. तुझ्या डाव्या काचेत मी तो अडीच मिलिमीटर आत सरकवलाय. सिलिंडरचा, म्हणजे तिरका नंबर ज्या कोनात बसायला हवा त्याच्यापासून बारा अंश फिरवलाय. नुसत्या नजरेला काही कळणार नाही. तुला दिसेल सगळं. फक्त जमीन किंचित कलती वाटेल, पायरी पाय टाकताना जरा खाली जाईल, दुपारपर्यंत डोकं धरेल, पोटात ढवळेल. मग तू डॉक्टरकडे जाशील. ते तपासतील आणि म्हणतील, काही नाही.

मला ते "काही नाही" तुझ्या कानांनी ऐकायचंय.

मी एकवीस वर्षांची होते. नकाशे काढण्याच्या संस्थेत चाळीस जणांतून माझी निवड झाली होती. मग एक दिवस तिथल्या जिन्यात डावा हात बधिर झाला. छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं बाहेरच्यांना ऐकू जात असेल. घसा आवळला. खाली बसले ती अर्धा तास उठले नाही. मग ते रोजचं झालं. तीन डॉक्टर, सहा तपासण्या, सगळं स्वच्छ. बाबा नव्हते, आई तुझ्या तोंडाकडे बघायची, आणि तू जेवताना सगळ्यांसमोर म्हणालास, "नाटक आहे. जिना चढायचा कंटाळा आलाय बाईसाहेबांना."

तेवढं मी सोसलंही असतं. पण तू संस्थेच्या मुख्यांना पत्र लिहिलंस, आणि तुझ्या त्या शिस्तीप्रमाणे कार्बन प्रत काढून फाइलला लावलीस. ती मी फाडून घेतली. अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे आहे, पाठ आहे. "तिला कसलाही शारीरिक आजार नाही. लक्ष वेधून घ्यायची सवय आहे. तिची जागा एखाद्या गरजू मुलीला द्यावी ही विनंती."

त्यांनी दिली. ती गरजू मुलगी आज तिथे प्रमुख आहे. चष्म्याला माझ्याकडेच येते. तिचा चष्मा मी नीट करते, तिचा काही दोष नाही.

कर नाटक तू आता.


९ फेब्रुवारी

बारके, आशीर्वाद.

चष्मा पोचला. काय हात आहे गं तुझा! वहिनी तर म्हणाली, दुकानातून आणलाय की कारखान्यातून. आता रोज तोच घालतो. उत्तर द्यायला उशीर झाला त्याचं कारण जरा बरं नव्हतं.

विशेष काही नाही. डोकं जड राहतं. पायऱ्या उतरताना मधेच पायाखालची पायरी नाहीशी झाल्यासारखी वाटते. परवा पुलाखालच्या फळीवर उभा होतो, हातोडी मारली आणि पूल हलला. म्हणजे पूल हलला की मी हललो ते कळलं नाही. माझ्या मदतनिसाला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, पूल कसा हलेल?" आणि माझ्याकडे असा बघायला लागला की मीच विषय बदलला.

पित्त असणार. वहिनीला सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय तेही कळत नाही.

दादा


१५ फेब्रुवारी

दादास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर तीनदा.

काळजी करू नकोस. चष्म्याचा काही संबंध नाही, तो मी स्वतः केलाय. काढून मात्र ठेवू नकोस, नवीन नंबर डोळ्यांच्या अंगवळणी पडायला सतत घालावा लागतो. झोपेतून उठलास की आधी चष्मा.

आणि एकदा नीट तपासून घे बाबा. छाती, डोकं, कान, सगळं. काय निघतं ते मला अगदी सविस्तर कळव. तपासण्यांचे कागद आले की प्रत्येक कागदावर काय लिहिलंय ते सांग. मला या गोष्टीतलं थोडंफार कळतं, तुला माहितीच आहे.

बारकी


१० मार्च

बारके,

तू म्हणालीस म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या डॉक्टरने रक्त तपासलं. ठीक. दुसऱ्याने छातीचा आलेख काढला. ठीक. कानाच्या डॉक्टरने मला खुर्चीत बसवून गरगर फिरवलं, म्हणाला कान तरुणाचे आहेत. डोक्याचं चित्र काढलं, त्या नळीत झोपलो तेव्हा ओरडून बाहेर आलो, पुन्हा घातलं. तेही ठीक. शेवटच्याने सगळे कागद एकावर एक रचले, हाताने सारखे केले आणि म्हणाला, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. आनंद व्हायला पाहिजे." मला आनंद झाला नाही. त्याची कॉलर धरावीशी वाटली. मी त्याला म्हणालो, अहो माझा डावा हात बधिर होतो, घशात काहीतरी अडकतं, मी काय खोटं बोलतोय? तर तो घड्याळाकडे बघायला लागला.

आता वाईट बातमी. गेल्या आठवड्यात मी शाळेजवळचा पादचारी पूल बंद केला. वर उभा होतो, तो हलत होता बारके, मी शपथेवर सांगतो. लाल पट्टी लावून टाकली. मुलांना दीड मैलाचा वळसा पडायला लागला. वरून दोन अभियंते आले, त्यांनी यंत्रं लावली, पूल ठणठणीत निघाला. ऑफिसात आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आमच्या मोठ्या साहेबांनी माझ्याबद्दल टिपण लिहिलंय, मी ते चोरून वाचलं. "निवृत्तीपूर्वी लक्ष वेधून घेण्याचा प्रयत्न दिसतो."

पस्तीस वर्षांत माझ्या सहीवर कुणी शंका घेतली नव्हती. आता चौकशी बसणार. ठपका ठेवून घरी पाठवलं तर मी कुठल्या तोंडाने जगू?

वहिनीला आता सगळं कळलंय. ती माझ्यासमोर रडत नाही.

दादा


१४ मार्च

दादास,

फार वाईट वाटलं.

पण सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत म्हटल्यावर तुला कसलाही शारीरिक आजार नाही, हे तू एकदा मनाशी मान्य कर. घरातले आपल्याकडे लक्ष देत नाहीत असं वाटलं की माणसाला कधीकधी चक्कर येते. जिने चढायचा कंटाळाही आला असेल, वय झालं. नाहीतर तुझी जागा एखाद्या गरजू माणसाला द्यावी म्हणून तूच वर विनंती का करत नाहीस? निवृत्तीला दीडच महिना राहिलाय.

चष्मा घालतोस ना?

बारकी

(या पत्राची प्रत मीही ठेवलीय. घराण्यातच आहे.)


५ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. वाक्यं ओळखीची वाटत होती आणि कुठली ते आठवत नव्हतं. मग जुन्या फायली काढल्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये एका जागी नुसती टाचणी आहे आणि टाचणीखाली कागदाचा कोपरा. बाकीचं तू फाडून नेलंस. काय लिहिलं होतं ते टाचणी बघितल्याबरोबर आठवलं.

माझ्यावरच उलटलं तेव्हा कळलं, असं लिहायला लाज वाटतेय, पण खरं तेच आहे. मी तुला नाटकी म्हणालो. तुझा हात बधिर व्हायचा तेव्हा तू तो दुसऱ्या हाताने चोळत बसायचीस. मी बघायचो आणि मला राग यायचा. आता मी ऑफिसात टेबलाखाली चोळतो.

तुला तेव्हा काय व्हायचं, आणि ते कसं गेलं, सांगशील? मला दुसरं कुणी विचारायला नाही.

बारा तारखेला सकाळी समिती येणार आहे. त्यांच्यासमोर त्याच पुलावर चढून मला तपासणी करून दाखवायचीय, पूर्ण, खालच्या फळीवर उतरून. जमलं तर सन्मानाने घरी, नाही जमलं तर ठपका.

आणखी एक. तुझ्याशी खोटं बोललोय. तू केलेला चष्मा मी एकदाही घातलेला नाही. रागावू नकोस. इतक्या वर्षांनी तुझ्या हातचं काही घरात आलं, ते रोज धुळीत आणि ग्रीसमध्ये घालायला जीव होईना. निरोपसमारंभाला काढीन म्हणून कपाटात डबीतच ठेवला, चांगला म्हणून. रोजच्याला जुनाच चालवला. तुला वाईट वाटेल म्हणून घालतो असं लिहिलं. आता मात्र ठरवलंय, बारा तारखेला तोच घालून पुलावर जायचं.

दादा


१२ एप्रिल

दादा,

पत्र काल दुपारी दोनला दुकानात आलं. वहिनींना फोन मी पावणेसहाला केला. मधले पावणेचार तास मी काय करत होते ते सांगते, कारण तू विचारणार नाहीस आणि मला लपवायचं नाही. मी फोनकडे बघत बसले होते. तू फळीवर उतरतोस, डावा पाय टाकतोस, फळी तुला वाटते तिथे नाही, हे मी चार वेळा बघितलं. पहिल्या तीन वेळा मला बरं वाटलं.

डावी काच मी चुकवली होती, मधला बिंदू अडीच मिलिमीटर सरकवून. मुद्दाम. वहिनींना नुसतं "काच चुकलीय, घालू देऊ नका" एवढंच सांगितलं, बाकीचं तू सांग नाहीतर सांगू नकोस. दोन महिने मी तुझी पत्रं मिटक्या मारत वाचली. मला वाटायचं, माझे अडीच मिलिमीटर बोलताहेत. आणि तू मेल्या तो डबीत ठेवलास! माझा सूडसुद्धा तू मला नीट घेऊ दिला नाहीस. जे झालं ते तुझं तुलाच झालं, मला झालं होतं तसंच, कशाने ते कुणाला न कळता. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. तुझ्या डॉक्टरसारखंच वाटतंय मला, सगळे कागद स्वच्छ आणि कॉलर धरायला कुणी नाही.

आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. तू पुलावर असशील. माझा डावा हात बधिर आहे, उजव्याने लिहितेय. सात वर्षांनी पहिल्यांदा झालाय.

बारकी


१७ एप्रिल

बारके,

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं केलं तिने. मी असते तर दोन्ही काचा चुकवल्या असत्या." तुझ्यासाठी एवढं पुरे व्हावं.

आता माझं ऐक. अकरा तारखेला सकाळीच मी चष्मा डबीतून काढून घालून बघितला, सरावाला. दाराची चौकट कलली. वाटलं, आला पुन्हा झटका. काढला, चौकट सरळ. घातला, कलली. मी तपासनीस आहे गं. दाराला ओळंबा टांगला आणि दहा वेळा घालून काढून बघितला. दहाही वेळा तेच. तुझ्या हातून चूक होत नाही हे तूच लिहिलं होतंस, म्हणजे ही चूक नाही, हेही कळलं. तुला खरं सांगू? इतकं बरं वाटलं! सहा महिन्यांत पहिल्यांदा मला अशी चक्कर आली जिचं कारण हातात धरता येत होतं. हो, सहा महिने. ऑक्टोबरपासून होतंय हे, तुझ्या चष्म्याच्या आधीपासून, तुला सांगितलं नव्हतं. तपासणीच्या कागदावर सही केली की रात्र जागून जायची आणि सकाळी पुन्हा जाऊन तेच रिव्हेट ठोकून बघायचो. आता निवृत्त झालो की माझ्यामागे हे पूल कोण बघणार, हे डोक्यातून जाईना.

मग दिवसभर मी फोनजवळ बसलो. माझं पत्र तुला त्या दिवसापर्यंत मिळणारच हे मला माहीत होतं. बघत होतो, करतेस का. पावणेसहा. उशीर केलास. पण केलास.

बारा तारखेला जुना चष्मा घालून चढलो. वर समितीचे तिघे, खाली अर्धं ऑफिस. खालच्या फळीवर उतरलो आणि पूल हलायला लागला. हात बधिर, घसा बंद, सगळं. एरवी मी लाल पट्टी लावली असती किंवा तोंड दाबून ठीक आहे म्हणालो असतो. मी हातोडी मारली, आवाज ऐकला आणि मोठ्याने म्हणालो, "पूल ठणठणीत आहे. हलतोय तो मी. मला काहीतरी होतंय, कशाने ते कुणाला सापडलेलं नाही, पण ते खोटं नाही. आता मला दहा मिनिटं द्या." त्यांनी दिली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. मग उरलेले सगळे रिव्हेट तपासले. दोन तास लागले. मोठे साहेब तोवर निघून गेले होते.

ठपका ठेवायचा की नाही ते अजून ठरायचंय.

सोबत एक कार्बन प्रत आहे. मूळ पत्र तुझ्या त्या संस्थेला रवाना केलंय.

दादा


(सोबतची प्रत)

मा. प्रमुख यांस,

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी माझ्या बहिणीविषयी आपल्या संस्थेस एक पत्र लिहिलं होतं. त्यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं होतं. ती आजारी होती. तिला काय होत होतं ते कुणाला सापडलं नाही, म्हणून मी ते खोटं ठरवलं. तिची जागा तिच्या लायकीने तिला मिळाली होती आणि ती माझ्यामुळे गेली. हे पत्र तिच्या त्या वेळच्या कागदपत्रांना जोडावं आणि कुणीही मागितल्यास दाखवावं, ही विनंती.

सही


२५ एप्रिल

दादा,

प्रमुख बाई परवा दुकानात आल्या. चष्मा नव्हता दुरुस्तीला. काउंटरवर तुझं पत्र ठेवलं. मग म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं ती जागा कशी रिकामी झाली." मी म्हटलं, आता माहीत झालं. गिऱ्हाइकं होती, मालक होते, सगळ्यांसमोर मी रडले. तुझ्या त्या जेवणाच्या वेळी रडले नव्हते, ते राहून गेलं होतं.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. ते जमेल तेव्हा कळवीन.

तू विचारलं होतंस, कसं गेलं. गेलं नाही. मी त्याला भाडेकरू म्हणते. आला की घराबाहेर काढायच्या मागे लागू नकोस, जितकं ढकलशील तितका तो दार अडवून बसतो. चढतो, टोकाला जातो, उतरतो. वीस मिनिटं, जास्तीत जास्त पंचवीस. तेवढा वेळ हात थंड पाण्याखाली धर. मी चाकाच्या पाण्याखाली धरते. समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव. खाली बसू नकोस, चालत राहा. आणि मुख्य म्हणजे कुणाला तरी सांगत जा. मला सांगायला घरात कुणी नव्हतं. डॉक्टरांत एक चांगली असते, मनाची. मी चाळिसाव्या वर्षी गेले, तू अठ्ठावन्नाव्या जा. तिला हे सांगू नकोस की मनाचं आहे म्हणजे दुखत नाही. ती हसेल.

चष्मा नव्या काचा बसवून पाठवतेय. मधला बिंदू तीन वेळा मोजलाय, दुकानातल्या दुसऱ्या मुलीकडूनही मोजून घेतलाय, तिची सही चिठ्ठीवर आहे. ओळंबा लावून खात्री कर, मला राग येणार नाही. निरोपसमारंभाला घाल आणि दुसऱ्या दिवसापासून रोज घाल. डबीत ठेवलास तर याद राख.

जुन्या काचा मी फेकलेल्या नाहीत. खणात ठेवल्यात, चांगल्या म्हणून.

बारकी